ऑफिसातला सर्व्हर सोडून लोक क्लाउडकडे का जातात?

‘क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर. दरमहा भाडं कशाला भरता? एकदाच पैसे घालून ऑफिसात नास (एनएएस, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेली, फाइली साठवणारी डिस्कची पेटी) बसवा. वेग जास्त, डेटा सुरक्षित, नंतर खर्च शून्य. लोक क्लाउड घेतात ते फॅशन म्हणून.’ असा एक संदेश व्हॉट्सअॅपवर फिरतो आहे. लहान ऑफिसं असं वाचून निर्णय घेतात, म्हणून उत्तर द्यायला हवं.

वेगाचं म्हणणं खरं, पण ऑफिसच्या भिंतींच्या आतच. गिगाबिट केबलवर सेकंदाला १०० एमबीच्या वर मिळतात, १०० एमबीपीएसच्या ब्रॉडबँडवर जेमतेम १२ एमबी, कारण एमबीपीएस मेगाबिटांत मोजतात आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याने नासच घ्यावा. पण सीएच्या ऑफिसातली आर्टिकल (शिकाऊ) मुलगी घरून काम करते, तेव्हा काय होतं? विंडोजचं फाइल शेअरिंग ज्यावर चालतं तो एसएमबी प्रोटोकॉल १९८०च्या दशकात, एकाच जागेतल्या नेटवर्कसाठी जन्मला. एक फाइल उघडायची तरी सर्व्हरशी कितीतरी वेळा बोलणं होतं. केबलवर ते जाणवत नाही. घरून व्हीपीएनवर (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी सुरक्षित वाट) मात्र दर फेरीला वेळ जातो आणि नुसता फोल्डर उघडतानाही ताटकळावं लागतं. क्लाउडचं सिंक फाइलची प्रत लॅपटॉपवरच ठेवतं आणि बदल मागाहून पाठवतं, म्हणून मधेच नेट गेलं तरी काम चालू राहतं. काम ऑफिसबाहेर पडलं, फाइलींनाही पडावं लागलं. यात फॅशन कुठे आली?

‘जवळ आहे म्हणून सुरक्षित’ हा समज मला सर्वांत घातक वाटतो. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच एसएमबीतल्या त्रुटीतून. विंडोजची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, पण असंख्य ऑफिसांत ती कोणी टाकलीच नव्हती. जानेवारी २०२२मध्ये डेडबोल्ट नावाच्या अशाच व्हायरसने इंटरनेटला उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे नास कुलूपबंद करून खंडणी मागितली. आणि पाणी? २२ जुलै २०२१ला चिपळूणची बाजारपेठ बुडाली. तळमजल्यावर सर्व्हर आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलावर असेल, तर दोन्ही एकदमच जातात.

क्लाउडलाही आग लागते. १० मार्च २०२१ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं डेटा सेंटर जळालं आणि ज्यांची दुसरी प्रत नव्हती त्यांचा डेटा गेला. खराब झालेली फाइलही सिंक होतेच, पण गूगल ड्राइव्हसारख्या सेवेत जुनी आवृत्ती साधारण ३० दिवस परत मिळते. तरी स्वतःची एक वेगळी प्रत ठेवाच.

खर्च शून्य नाही. डिस्क झिजतात, यूपीएसची बॅटरी बदलावी लागते, अपडेट टाकायला माणूस लागतो. पाच जणांच्या ऑफिसात तो माणूस नसतो.

‘दुसऱ्याचा कॉम्प्युटर’ हे मात्र बरोबर आहे, म्हणून नाजूक कागद एन्क्रिप्ट करूनच, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाहीत असे करूनच चढवा. आणि खातं ऑफिसच्या नावाचं काढा, कुणा कर्मचाऱ्याच्या खासगी जीमेलवर नको. तो नोकरी सोडून गेला की फाइलींचा ताबाही त्याच्याच हाती राहतो.