‘चर खणा, रोग थांबेल’: तेलताडाच्या बुंधा-कुजीवर फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

तेलताड म्हणजे ऑइल पाम लावणाऱ्यांत एक सल्ला हातोहात फिरतो. गॅनोडर्मा बुरशीची बुंधा-कूज फक्त मुळाला मूळ लागून पसरते. बुंध्यावर बुरशीची छत्री दिसली की झाडाभोवती चर खणा, बुरशीनाशक टोचा, झाड बरं होतं. आणि जुनी बाग पाडली की रोगही संपतो. शेवटचा भाग सगळ्यांत घातक, म्हणून सुरुवात तिथूनच.

‘बाग पाडली की रोग संपतो’

मलेशियात 1931 साली हा रोग नोंदला गेला तेव्हा तो पंचवीस वर्षांवरच्या म्हाताऱ्या झाडांवर होता. 1960च्या दशकापासून 10-15 वर्षांची झाडं पडू लागली, आणि पुनर्लागवडीत तर चार-पाच वर्षांचीही. कारण जमिनीत राहिलेला बुडखा. ही बुरशी मोकळ्या मातीत फार तग धरत नाही, तिला लाकडाची शिदोरी लागते. प्रयोगशाळेत रोपाला रोग लावायचा तर बुरशीनं पूर्ण भरलेला रबराच्या लाकडाचा ठोकळा मुळाला भिडवावा लागतो. गाडलेला बुडखा म्हणजे असाच, पण शेकडो पट मोठा ठोकळा. नव्या रोपाचं मूळ त्याला टेकलं की काम झालं.

म्हणून झाड नुसतं जमिनीलगत कापू नका. सुमारे दीड मीटर लांब-रुंद आणि एक मीटर खोल खणून बुडखा मुळांच्या जाळ्यासकट काढा. खोडाचे 10 सेंटिमीटरहून पातळ तुकडे करून पसरा, म्हणजे ते लवकर वाळतात आणि कुजतात. नारळाचे जुने खुंटही तितकेच धोक्याचे. नारळाची बाग मोडून तिथं तेलताड लावलेल्या जमिनीत मलेशियात रोग फार लवकर आला. कोकणात, गोव्यात कुणी तसा विचार करत असेल, तर आधी खुंट उपटावेत.

‘फक्त मुळांतून पसरते’

तसं असतं तर शेजारशेजारच्या आजारी झाडांत बुरशीचा एकच वंश सापडला असता. मलेशिया आणि पापुआ न्यू गिनीतल्या जनुकीय तपासण्यांत शेजारच्या झाडांतल्या बुरशीचे वंश बहुतेक वेळा वेगवेगळे निघाले, म्हणजे बीजाणूंचाही, छत्रीतून उडणाऱ्या बुरशीच्या सूक्ष्म बीजांचाही, हात आहे. मात्र एकटा बीजाणू निरोगी मुळावर पडून रोग होत नाही. जुळणाऱ्या दोन बीजाणूंचे धागे एकत्र यावे लागतात, आणि त्याला सोयीची जागा म्हणजे मेलेला, कापलेला भाग: खुंट, झावळ्यांची कापलेली देठं. मुळांचा मार्ग खरा आहेच, पण तो एकटा नाही.

छत्री कोवळी असताना पांढऱ्या बटणासारखी असते. पुढं वरून तपकिरी, लाखेसारखी चकचकीत होते, कड पांढरी राहते. खालच्या बारीक छिद्रांतून तपकिरी भुकटी झडते, तेच बीजाणू. म्हणून छत्री बटण असतानाच काढून जाळा.

‘चर खणला की शेजार सुरक्षित’

चर खणला जातो तो आजारी दिसणाऱ्या झाडाभोवती. शेजारचं झाड आतून लागलेलं असूनही हिरवंगार दिसू शकतं, मग चर चुकीच्या जागी पडतो. उथळ चराखालून मुळं जातात आणि पावसाळ्यात तो बुजतो. बीजाणूंना तर चर अडवतच नाही.

‘टोचलं की झाड बरं होतं’

शेंड्याला तीनहून जास्त न उमललेले कोंब, खालच्या झावळ्या परकरासारख्या लोंबणं, ही लक्षणं दिसेपर्यंत बुंध्याचा निम्म्याहून अधिक गर गेलेला असतो. (कोंब दुष्काळातही अडकतात, एवढ्यावरून निदान करू नका.) ताडाला साल-लाकडामधला वाढीचा थर नसतो, त्यामुळे कुजलेलं खोड पुन्हा भरत नाही. हेक्झाकोनॅझोल हे बुरशीनाशक टोचणं आणि बुंध्याला सुमारे 75 सेंटिमीटर उंच मातीची भर देणं यांनी नवी मुळं फुटतात, झाड टेकून राहतं आणि काही वर्षं घड मिळतात. ते करावं, पण त्याला बरं करणं म्हणू नये. लक्षणांनंतर कोवळं झाड सहा महिने ते दोन वर्षांत मरतं, मोठं दोन-तीन वर्षं काढतं. घड थांबले की ते वाऱ्यानं पडायची वाट न पाहता बुडख्यासकट काढावं.