बाळाच्या हृदयाचं छिद्र स्टेम सेलच्या इंजेक्शनने बुजतं? नाही हो

आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तो मेसेज आलाय, की नाळेतलं रक्त साठवून ठेवलं तर त्यातल्या स्टेम सेलनी (नवीन पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशींनी) बाळाच्या हृदयाचा जन्मजात दोष ऑपरेशनशिवाय बरा होतो, अमेरिकेत मेयो क्लिनिकने करून दाखवलंय. अर्धवट खरं आहे म्हणूनच जास्त घोळ होतो.

मेयोने नाळेच्या रक्तातल्या पेशी वापरल्या हे खरंय, पण छिद्रासाठी नाही, तर हृदयाची डावी बाजू नीट वाढलेलीच नसते अशा बाळांसाठी. त्यांना तसंही नॉरवुड, ग्लेन, फोंटान अशी तीन टप्प्यांत ऑपरेशनं लागतात, आणि त्यातल्या ग्लेनच्या वेळी, छाती उघडी असतानाच, हृदयाच्या उजव्या कप्प्याच्या स्नायूत त्या पेशी टोचल्या. म्हणजे ऑपरेशन टळलं कुठे? पहिल्या चाचणीत बाळं फक्त १०, आणि बघायचं होतं ते हे करणं सुरक्षित आहे का एवढंच.

आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमांनुसार हृदयासाठी स्टेम सेल म्हणजे अजून प्रयोगच, त्यामुळे मान्यताप्राप्त चाचणीबाहेर कोणी पैसे मागत असेल तर सरळ उठून या. छिद्रं काही आपोआप बुजतात, काहींना छिद्र बंद करणारं डिव्हाइस किंवा ऑपरेशन लागतं, ते टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) बघून डॉक्टर सांगतील. आणि खर्चाचं टेन्शन असेल तर आधी आरबीएसकेत (सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात) चौकशी करा, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना त्यात मदत मिळते.