सम्राटाच्या दारी आधी कोण गेले?

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन आणि ख्रिस्ती चर्च यांच्या संबंधांवरील माझ्या लेखनाबद्दल आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. ख्रिस्ती लोकांना उपासनेची मोकळीक देणाऱ्या ३१३ सालच्या तथाकथित ‘मिलानच्या फर्माना’ने ख्रिस्ती धर्म राजधर्म झाला, हे माझे विधान चुकीचे असल्याचे आपण दाखवून दिलेत, ते मला मान्य आहे. आज उपलब्ध असलेला मजकूर कॉन्स्टंटाइनचा सहसम्राट लिसिनियस याने प्रांताधिकाऱ्यांना धाडलेल्या पत्राचा आहे, ख्रिस्ती लोकांचा छळ थांबवण्याचा हुकूम सम्राट गॅलेरियसने ३११ मध्येच काढला होता, आणि राजधर्माची भाषा थेट ३८० मध्ये, सम्राट थिओडोसियसच्या काळात येते.

मात्र ‘कॉन्स्टंटाइनने एका निरागस समाजाला वेठीला धरले आणि आपण दोष दोघांत वाटून टाकलात’ हा आपला मुख्य आक्षेप मला पटत नाही; दोष सम्राट आणि चर्च या दोघांचाही आहे, कारण चर्चमधली माणसे स्वतःच सम्राटाकडे गेली. कॉन्स्टंटाइनने पुढे ज्याला आपले नाव दिले, त्या उत्तर आफ्रिकेतील सिर्ता शहरात १९ मे ३०३ रोजी, छळाच्या काळात, अधिकारी ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनाघरात शिरले. जप्तीची यादी झाली, तीत सोन्याचे २ चषक, चांदीचे ६, बायकांचे ८२ अंगरखे आणि बायकांच्याच पादत्राणांचे ४७ जोड आहेत (हे कपडे बहुधा गरिबांना वाटण्यासाठी ठेवलेले असावेत). ग्रंथ कुठे आहेत असे विचारल्यावर बिशप पॉल म्हणाले की ते वाचकांकडे, म्हणजे उपासनेत ग्रंथ वाचून दाखवणाऱ्या चर्चच्या सेवकांकडे आहेत. मग घरोघर जाऊन ग्रंथ गोळा केले गेले. सिल्वानुस नावाच्या एका उपसेवकाने (चर्चमधील कनिष्ठ धर्मसेवकाने) चांदीची पेटी आणि दिवा स्वतः आणून दिला.

ही यादी आपल्यापर्यंत पोहोचली ती ३२० सालच्या एका खटल्यामुळे. सिल्वानुस तोवर बिशप झाला होता, आणि त्याने छळाच्या काळात पवित्र वस्तू शत्रूच्या हवाली केल्या, हे सिद्ध करण्यासाठी त्याच्याच चर्चमधील एका धर्मसेवकाने प्रांताधिकाऱ्यापुढे फिर्याद नेली. छळ करणाऱ्यांचे दप्तरच तिथे पुरावा म्हणून वाचले गेले.

छळात ग्रंथ हवाली करणाऱ्या धर्मगुरूंना न मानणाऱ्या ज्या डोनॅटिस्ट पक्षाचा सिल्वानुस होता, त्याच पक्षाने ३१३ मध्ये उत्तर आफ्रिकेतीलच कार्थेजचा बिशप केसिलियन याच्याविरुद्ध सम्राटाकडे अर्ज करून गॉलमधील (आजच्या फ्रान्समधील) न्यायाधीश मागितले होते. कॉन्स्टंटाइन केसिलियनला पैसा देत होता, त्याच्या पुरोहितांना सरकारी वेठीतून सूट देत होता, त्यामुळे खरे चर्च कोणते या प्रश्नाला आता तिजोरीचेही वजन आले होते. आधी रोममधील, मग गॉलमधील आर्ल येथील बिशपांचा, मग खुद्द सम्राटाचा, असे तिन्ही निकाल विरुद्ध गेल्यावर डोनॅटिस्टांवर सैन्य आले. ‘सम्राटाचा चर्चशी काय संबंध?’ हा या पक्षाचा नेता डोनाटुस याचा प्रसिद्ध सवाल त्यानंतर कित्येक वर्षांनी आला. सवाल रास्तच होता, पण अर्ज करण्यापूर्वी तो कुणाला सुचला नव्हता.

कॉन्स्टंटाइनच्या आधीही, २७२ च्या सुमारास, सीरियातील अँटिऑक शहरातील चर्चची वास्तू पदच्युत बिशपाकडून सोडवण्यासाठी ख्रिस्ती मंडळींनी ऑरेलियन या मूर्तिपूजक सम्राटाकडेच दाद मागितली होती. आपल्या म्हणण्यातला एक भाग मात्र मी निर्विवाद मानतो: सिर्तातील ज्या वाचकांच्या घरांतून ग्रंथ उचलून नेले, त्यांना या अर्जांबाबत कुणीही विचारले नसणार.