बावीस नंबरचं दार

भाड्याने सर्व्हर घेतला की त्याचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, आपल्याला पाठ व्हायच्या आत जगाला पाठ झालेला असतो. आमच्या वाचनालयाची पुस्तकयादी ऑनलाइन करायची ठरली आणि 'तू कॉम्प्युटरमधला ना!' या एकाच पात्रतेवर काम माझ्या गळ्यात पडलं. सर्व्हर सुरू केला, चहा ओतून आणला आणि सहज लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला. 'फेल्ड पासवर्ड फॉर रूट.' (रूट म्हणजे सर्व्हरचा सर्वाधिकारी.) खाली पुन्हा तेच. मग 'इनव्हॅलिड यूजर अ‍ॅडमिन', 'टेस्ट', 'ओरॅकल', 'पोस्टग्रेस'... पानंच्या पानं. वाचनालयाला सभासद मिळेनात आणि इथे रात्री अकराला ही झुंबड!

हे सगळे बॉट, म्हणजे अंदाजाने पासवर्ड ठोकून पाहणारे आपोआप चालणारे प्रोग्राम. यात आपल्यावर खास राग कुणाचाच नसतो. 2013 साली मिशिगन विद्यापीठातल्या मंडळींनी झीमॅप नावाचं साधन काढलं. त्याने एखादा पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं एखादं नंबरी दार, धरून इंटरनेटवरचे सगळे आयपीव्हीफोर (जुन्या पद्धतीचे) पत्ते पाऊण तासाच्या आत धुंडाळता येतात. तेवढ्या वेळात आमच्याकडे कार्यकारिणीची कोरम भरत नाही.

दार मात्र जुनं आणि भक्कम. 1995 साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात कुणीतरी नेटवर्कवरून जाणारे पासवर्ड चोरले, म्हणून तातु युलोनेन या गृहस्थांनी एसएसएच, म्हणजे दूरच्या सर्व्हरमध्ये सुरक्षितपणे शिरण्याचा प्रोग्राम, लिहिलं. फायली पाठवणाऱ्या एफटीपीचा पोर्ट 21, दुरून लॉगिन करायच्या टेलनेटचा 23, मधला 22 रिकामा दिसला. त्यांनी पोर्टचे नंबर वाटणाऱ्या संस्थेला ईमेल करून तो मागितला आणि दुसऱ्या दिवशी मिळालासुद्धा! ना अर्ज, ना साहेब रजेवर. (पोर्ट बदलून 2222 करा, असा सल्ला हमखास मिळतो. ती युक्ती बॉटवाल्यांनाही ठाऊक आहे.)

मी रूटचं लॉगिन बंद केलं, पासवर्डचंही केलं, आणि जुनी खिडकी उघडी ठेवून दुसरीतून आत जाता येतंय याची खात्री करून घेतली. माझ्या मते सर्व्हर राखणं इथेच संपतं. त्यापुढे राखायची ती कार्यकारिणी.

"पासवर्ड काय ठेवलास?" सचिव नानांचा फोन.

"पासवर्डच बंद केलाय, नाना. आता चावीने उघडायचं."

"मग एक माझ्याकडे, एक अध्यक्षांकडे, एक कपाटात."

चावी म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेली दोन फायलींची जोडी, ज्याची त्याने बनवायची, खासगी भाग स्वतःजवळ ठेवायचा आणि सार्वजनिक भाग मला पाठवायचा, हे मी समजावलं. नाना म्हणाले, "कळलं." हा शब्द त्यांनी उच्चारला की मला धडकी भरते.

चावी बनवताना तिच्या राखणीसाठी सांकेतिक वाक्य विचारलं जातं. ते टाइप करताना स्क्रीनवर अक्षर नाही, चांदणी नाही, काहीच उमटत नाही. नानांनी कीबोर्ड बिघडला असं ठरवून नातवाचा आणला. तोही बिघडला. अखेर चावी झाली आणि नानांनी स्क्रीनचा फोटो काढून कार्यकारिणीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. वर ठळक अक्षरांत 'बिगिन ओपनएसएसएच प्रायव्हेट की'. खाली अध्यक्षांचा अंगठा, खजिनदारांचे जोडलेले हात आणि कुणाचं तरी 'अभिनंदन नाना, असेच यश मिळत राहो'.

ती चावी बाद केली, नवी केली. मग नाना आत शिरायला निघाले ते यूजर म्हणून 'नानासाहेब' लिहून. फेल-टू-बॅन नावाचा पहारेकरी बसवला होता. पाच चुका झाल्या की तो दहा मिनिटं त्या आयपीला उभं करत नाही. नाना वाचनालयातून बसले होते, त्यामुळे सगळं वाचनालयच बाहेर. "मला, सचिवाला, अडवतो म्हणजे काय? त्याचा नंबर दे!"

वार्षिक सभेच्या अहवालात 'संगणक सुरक्षेसाठी चाव्या करून घेतल्या' असं एक वाक्य नानांनी घातलं होतं. मागच्या रांगेतले एक जुने सभासद उठले.

"चाव्या केल्या म्हणता, पण चावीवाल्याची पावती जोडलेली दिसत नाही."

ओपनएसएसएच, म्हणजे हे चाव्यांचं एसएसएच, ओपनबीएसडी या मोफत कार्यप्रणालीची मंडळी 1999 पासून फुकट देतात, त्यांचा कारभार कॅनडातून चालतो, हे मी नानांच्या कानात सांगितलं. नाना चष्मा सावरून उभे राहिले.

"पार्टी कॅनडाची आहे. पावतीसाठी स्मरणपत्र पाठवलंय."