गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी: ताईंच्या रिव्ह्यूला गॅरेजकडून उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू नीट वाचला. तुमचं म्हणणं असं आहे: वडिलांची 2003 ची पेट्रोल गाडी आम्ही बरेच दिवस ठेवून घेतली, बदलला फक्त एक छोटा सेन्सर, आणि मजुरी लावली ती सेन्सरच्या किमतीपेक्षा जास्त. दुसऱ्या एका मिस्त्रींनी तुम्हाला सांगितलं की स्कॅनर लावला की हे दहा मिनिटांत कळतं. आणि एवढं करूनही गाडी गरम असताना चालू व्हायला वेळ घेते.

यातला शेवटचा मुद्दा खरा आहे. ते काम बाकी आहे आणि जॉबकार्डवर तसं लिहिलेलंही आहे, त्यावर खाली सांगतो. मजुरीबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. अशा जुन्या गाड्या कोल्हापुरात घरोघरी आहेत, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं सविस्तर लिहितो.

गाडी आमच्याकडे आली तेव्हा तक्रार अशी होती की पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या चढावर, नाहीतर उन्हाच्या वेळी शहरातल्या गर्दीत, चालती गाडी एकाएकी बंद पडते. अर्धा तास थांबलं की पहिल्या सेल्फला चालू. डिकीत एका पिशवीत आधी बदललेले पार्ट होते: प्लग, प्लगच्या वायरी, इग्निशन कॉइल, फ्यूल फिल्टर. त्यातली जुनी कॉइल मी गरम करून मीटरवर तपासली. ती चांगली होती. तुम्ही लिहिलंय की आधीच्या गॅरेजनं निदान पार्ट तरी बदलले. ताई, त्या पार्टचे पैसे तुमच्या वडिलांनी दिले आणि गाडी घाटात बंद पडायची ती पडतच राहिली. मला नेमकं हेच टाळायचं होतं.

गरम झाल्यावर येणारा फॉल्ट थंड गाडीत सापडत नाही. सकाळी गॅरेजमध्ये गाडी उभी असते तेव्हा मीटर लावा, स्कॅनर लावा, सगळं ठीकच दिसतं. तो फॉल्ट यावा लागतो, आणि तो येतो त्या पाच-दहा मिनिटांत आपण हत्यारं घेऊन गाडीशेजारी असावं लागतं. त्यासाठी गाडी चालवायची, तापवायची, बंद पडायची वाट बघायची. नाही पडली तर परत चालवायची. दिवस गेले ते यात.

बंद कशी पडते, यावरूनही बरंच कळतं. पेट्रोल कमी पडत असेल तर गाडी आधी झटके देते, ओढ कमी होते, मग मरते. थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेत, कार्बन साचला असेल किंवा आयडलचा (गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवणारा) व्हॉल्व्ह अडकत असेल तर सिग्नलला थांबल्यावर बंद पडते आणि लगेच परत चालूही होते. तुमची गाडी किल्ली फिरवून बंद करावी तशी तोडून बंद पडायची. आरपीएमचा काटा सरळ शून्यावर. मग सेल्फ मारताना इंजिन फिरत असूनही काटा जागचा हलायचा नाही. त्या वेळी आम्ही टेस्टर लावून बघितलं: प्लगला ठिणगी नाही आणि पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरला विजेचा इशारा (पल्स) पण नाही. पंप किंवा कॉइल यातलं एकच काही गेलं असतं तर दोन्ही गोष्टी एकदम थांबल्या नसत्या. दोन्ही एकाच वेळी थांबतात तेव्हा संशय पहिल्यांदा क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणाऱ्या सेन्सरवर जातो.

तुमच्या गाडीत आहे तशा क्रँक सेन्सरच्या आत लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. इंजिन फिरताना त्याच्या चाकाचे दाते समोरून जातात आणि त्या गुंडाळीत छोटा व्होल्टेज तयार होतो. ठिणगी कधी द्यायची आणि पेट्रोल कधी फवारायचं, हे कॉम्प्युटर त्यावरून ठरवतो. तो सिग्नल तुटला की कॉम्प्युटरच्या लेखी इंजिन फिरतच नाही. म्हणूनच स्कॅनरवर कित्येकदा काहीच कोड येत नाही. कॉम्प्युटरला वाटतं गाडी कुणीतरी बंद केली. शिवाय 2003 च्या गाड्यांना आजच्यासारखं ओबीडी (बिघाड ओळखून त्याचा कोड नोंदवणारी गाडीतलीच यंत्रणा) सक्तीचं नव्हतं. ती सक्ती आपल्याकडे 2010 पासून टप्प्याटप्प्यानं आली. दहा मिनिटांत स्कॅनरवर कळेल असं सांगणाऱ्यांनी ही गाडी बंद पडलेली असताना बघितलेली नाही.

तरीही तेवढ्यावर सेन्सर बदलून गाडी देणं मला पटलं नसतं. कपलर (वायरचा जोड) सैल असू शकतो, वायर एक्झॉस्टजवळ जळालेली असू शकते, रिले (विजेवर चालणारा स्विच) गरम होऊन सोडत असू शकतो. रिले आणि वायरिंग तपासून झाल्यावर सेन्सर उतरवला आणि मीटरला जोडून हीट गननं हळूहळू तापवला. तांब्याच्या तारेचा रोध तापमानाच्या दर अंशाला साधारण 0.4 टक्के वाढतो. म्हणजे 30 अंशांवरून 90 अंशांवर गेलं की जवळपास चोवीस टक्के वाढ ही चांगल्या सेन्सरलाही येणारच. नुसती वाढ बघून सेन्सर खराब ठरवला तर चांगला सेन्सर कचऱ्यात जातो. तुमचा सेन्सर आधी तसाच सावकाश वाढत गेला आणि मग मीटरवर एकदम ओपन, म्हणजे जोड तुटल्यासारखं, दाखवायला लागला. आतली तार कुठेतरी तुटलेली होती, थंड असताना टोकं चिकटायची आणि तापली की सुटायची. थंड झाल्यावर परत रीडिंग आलं. तुमच्या वडिलांना मी हे मीटरवर समोर दाखवलं आहे.

नवीन सेन्सर बसवल्यावर गाडी लगेच दिली नाही, याचाही तुम्हाला राग आहे. घाटात इंजिन बंद पडलं की काय होतं ते सांगतो. पॉवर स्टिअरिंग जड होतं. ब्रेक बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम एक-दोनदा ब्रेक दाबेपर्यंत पुरतो, त्यानंतर पेडल कडक होतं आणि पूर्ण ताकद लावावी लागते. उतारावर, मागे उसाचा ट्रॅक्टर असताना, वयस्कर माणसाच्या हातात अशी गाडी असावी असं मला वाटत नाही. म्हणून वाघबीळचा तोच चढ भर दुपारी एसी लावून परत परत चढवून बघितला. गाडी बंद पडली नाही, तेव्हाच फोन केला. मजुरी लावली ती या सगळ्याची. सेन्सर बसवायला दोन बोल्ट आणि एक कपलर एवढंच काम आहे, त्याचे वेगळे पैसे बिलात नाहीत.

आता राहिलेली तक्रार. गाडी धावताना बंद पडत नाही, पण देवळात किंवा बाजारात वीस मिनिटं थांबवून परत येताना सेल्फ बराच वेळ मारावा लागतो. हा वेगळा फॉल्ट आहे आणि पहिला निघाल्यावरच तो वेगळा दिसला. जॉबकार्डवर “गरम असताना उशिरा चालू, फ्यूल प्रेशर तपासणी बाकी” असं लिहून तुमच्या वडिलांना सांगितलं होतं. घरच्या कार्यासाठी गाडी लागत होती, म्हणून ते घेऊन गेले. त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

गाडी बंद केल्यावर पाणी फिरायचं थांबतं आणि बॉनेटखालची उष्णता काही वेळ उलट वाढते. इंजेक्टरच्या रेलमध्ये (त्यांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) प्रेशर टिकून असेल तर पेट्रोल उकळत नाही. प्रेशर उतरलं की वाफ धरते. प्रेशर तीन ठिकाणांहून उतरू शकतं: टाकीतल्या पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारी झडप), प्रेशर रेग्युलेटर, नाहीतर गळणारा इंजेक्टर. तिन्हींचा खर्च वेगवेगळा आहे आणि पंप त्यात महाग. कुणी थेट पंप बदला म्हणालं तर कृपया थांबा. कुणी पेट्रोलमधल्या इथेनॉलवर खापर फोडेल. एवढ्या जुन्या गाडीचे रबरी पाइप इथेनॉलसाठी बनलेले नाहीत हे खरं, आणि ते आम्ही बघितले, सध्या चांगले आहेत. पण प्रेशर टिकतं की नाही हे गेज लावल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

घरी एक करून बघा. गाडी गरम असताना सेल्फ मारायच्या आधी किल्ली फक्त ऑन करून दोन सेकंद थांबा, बंद करा, असं दोन-तीनदा करा आणि मग सेल्फ मारा. पटकन चालू झाली तर प्रेशर उतरतंय. यानं फरक पडला नाही आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारल्यावर चालू झाली, पेट्रोलचा वासही आला, तर इंजेक्टर गळतोय असा माझा अंदाज राहील. काय झालं ते वडिलांकडून लिहून आणा, आमचं निम्मं काम होईल.

गेज लावून करायची ही तपासणी आधी दिलेल्या मजुरीतच धरलेली आहे, तिचे वेगळे पैसे लागणार नाहीत. पार्ट लागला तर त्याची किंमत आधी सांगू, जुना पार्ट तुमच्या हातात देऊ. सोमवार सोडून कुठल्याही दिवशी दुपारी या. गाडी वाटेत कुठे थांबवून थंड करू नका, चालवत सरळ उद्यमनगरात आणा आणि आल्या आल्या आम्हाला हाक मारा.