उत्तर : ३-९×४० स्कोप, एक तारा, ‘१० मीटरवर धूसर, झीरो टिकत नाही’

नमस्कार सर,

तुमच्या तक्रारी चार. नव्या सिरीजचा ३-९×४० स्कोप १० मीटरवर धूसर दिसतो. टरेट (निशाणा सरकवायची गोल कळ) ४० क्लिक फिरवूनही छर्रा जेमतेम ३ सेंटीमीटर सरकला. डबाभर छर्रे उडवेपर्यंत झीरो, म्हणजे निशाणा आणि छर्रा यांचा जुळवलेला मेळ, हलला. आणि ‘.३०८ रायफलचा धक्का सोसतो असं खोक्यावर छापलंय, मग एअरगनपुढे कसा हरला?’ तुम्ही टाकलेल्या फोटोत स्कोप ब्रेक-बॅरल (नळी वाकवून भरायच्या) स्प्रिंग एअर रायफलवर चढवलेला दिसतो. बहुतेक घोळ तिथेच आहे.

क्लिकचं आधी, कारण ते सोपं. खोक्यावर ‘एक क्लिक = पाव इंच’ असं आहे, पण ते १०० यार्डांवर. १० मीटरवर तोच क्लिक साधारण ०.७ मिमी भरतो. ४० क्लिकचे झाले २८ मिमी. म्हणजे तुमचे ३ सेंटीमीटर बरोबर आले; टरेट चोख चालतोय.

धूसरपणाचं कारण पॅरलॅक्स, म्हणजे लक्ष्याचं चित्र आणि क्रॉसहेअर (आतली फुली) एका पातळीत नसणं. या स्कोपचा मेळ १०० यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर, कारखान्यातच पक्का केलेला असतो. १० मीटरवर लक्ष्य तर पुसट दिसतंच, शिवाय डोळा मध्यापासून जरा हलला की क्रॉसहेअर कागदावर सरकतं. ४० मिमीच्या भिंगाला ही चूक जास्तीत जास्त १८ मिमीपर्यंत जाते, आणि १० मीटर एअर रायफलचं अख्खं टार्गेट ४५.५ मिमीचं. तात्पुरता उपाय फुकटात होतो : काळ्या कार्डाला बरोबर मधोमध २० मिमीचं भोक पाडून ते पुढच्या भिंगावर बसवा आणि झूम ४ वर ठेवा. चूक निम्मी होते, चित्र धारदार होतं. उजेड मात्र पाव राहतो, त्यामुळे संध्याकाळी उपयोग नाही.

आता झीरो. .३०८ ही काडतुसाची मोठी रायफल; तिचा धक्का मोठा असला तरी मागच्या मागे, एकाच दिशेने येतो. स्प्रिंग रायफलमध्ये घोडा ओढला की जड पिस्टन पुढे झेपावतो, रायफल मागे येते; पिस्टन सिलिंडरच्या टोकाशी थांबला की तीच रायफल पुढे हिसकते. काही मिलीसेकंदांत उलटसुलट दोन झटके. मोठ्या रायफलच्या स्कोपमध्ये भिंगं आणि आतली नळी मागच्या धक्क्याला धरून आवळलेली असतात. पुढच्या हिसक्यापुढे त्यातले बरेच स्कोप टिकत नाहीत, महागडेसुद्धा. म्हणूनच वॉरंटी कार्डावर आणि आमच्या पानावर ‘स्प्रिंग एअर रायफलसाठी नाही’ असं लिहिलेलं आहे. पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या) रायफलला हा धक्का जवळपास नसतो. तिथे हा स्कोप बिनधास्त लावा, फक्त अंतर जास्त हवं.

तरीही स्कोप आतून गेलाच आहे असं मी म्हणणार नाही. अशा रायफलींत झीरो हलण्याचं मूळ बरेचदा स्कोपच्या बाहेर सापडतं. आधी दस्त्याचे पुढचे दोन्ही स्क्रू बघा, ते ढिले होतातच. मग बॅरलच्या बिजागरीत खेळ आहे का पाहा. त्यानंतर माऊंट, म्हणजे स्कोप रायफलवर धरणारा आधार : तुमच्या रायफलवर ११ मिमीची खाच दिसते, पण माऊंटला स्टॉप पिन दिसत नाही. पिन नसली की दर झटक्याला माऊंट केसभर मागे सरकतो. रिंग आणि स्कोपच्या नळीवरून नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा, ५० छर्रे मारा. रेघ तुटली तर सरकतंय ते तिथेच. रिंगचे चार स्क्रू तिरपे-तिरपे, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवून आवळा, साधारण २ न्यूटन-मीटरपर्यंत. त्याहून जास्त जोर लावला तर नळी दबते आणि झूमची कडी जड फिरू लागते.

आणखी एक. फोटोत वर-खालचा टरेट जवळजवळ शेवटापर्यंत उघडलेला आहे. ब्रेक-बॅरलची नळी बरेचदा किंचित खाली झुकलेली असते, म्हणून लोक टरेट वर-वर नेत राहतात. त्या टोकाला आतल्या नळीला दाबून धरणारी स्प्रिंग सैल पडते आणि चांगला स्कोपही दर फेरीला वेगळीकडे मारतो. टरेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत क्लिक मोजत न्या, निम्म्यावर आणा. उरलेली उंची मागच्या रिंगखाली पत्रा घालून भरा. रिंगांत १०० मिमी अंतर असेल तर ०.२ मिमीचा पत्रा १० मीटरवर २० मिमी देतो. पत्रा त्याहून जाड लागत असेल तर उताराचा माऊंटच घ्या, नाहीतर स्कोपच्या नळीला पीळ बसतो.

‘शिकारीसाठी’ हा शब्द उत्पादकाच्या खोक्यावरचा, परदेशातल्या हरणांच्या शिकाऱ्यांसाठी. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. आम्ही हा स्कोप परवानाधारक नेमबाजांना रेंजसाठी विकतो. क्लबच्या १० मीटर स्पर्धेत उतरायचा विचार असेल तर स्कोपवर खर्चच करू नका, तिथे पीप साइट (भिंगाशिवाय, बारीक भोकातून बघायची) लागते.

भिंगावरच्या झाकणांबद्दल तुम्ही लिहिलंय ते मात्र रास्त आहे, ती पकडच धरत नाहीत. त्यांच्या जागी रबरी झाकणं बिनपैशात देऊ.

स्कोप रिंगांसकट, बिल आणि कार्ड घेऊन या. कॉलिमेटरवर (स्कोप तपासायच्या उपकरणावर) लावून तुमच्यासमोर क्लिक मोजू आणि नळीवर हलकी थाप मारून क्रॉसहेअर जागेवर परततं का ते बघू. परतलं, तर फरकाची रक्कम घेऊन बदल्यात एअरगनचा एओ स्कोप देतो, ज्याची पुढची कडी फिरवून १० यार्डांपर्यंत चित्र साफ करता येतं. क्रॉसहेअर भटकलं, तर वॉरंटी लागू होणार नाही, दुरुस्तीचा खर्च आधी सांगू.