श्रीखंडाच्या डब्यातला दवाखाना

घसा खवखवतोय? अंग कसकसतंय? मग डॉक्टरकडे तासभर ताटकळू नका. फ्रिजवरचा श्रीखंडाचा रिकामा डबा काढा. गेल्या पावसाळ्यातल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या त्यात असतीलच. स्ट्रिप कात्रीने कापलेली, म्हणून एक्स्पायरीची तारीख दुकानात राहिली आणि नावातलं नुसतं '...सिलिन ५००' तुमच्या वाट्याला आलं. पुरे की! आडनाव कळलं, घराणं कळलं.

डबा रिकामा निघाला तर कोपऱ्यावरचं मेडिकल आहेच. "दादा, जरा पॉवरची द्या" एवढं म्हणायचं. 'डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नको' सांगणारी पाकिटावरची लाल रेघ नक्षी समजा. सेफिक्झिमसारख्या औषधांसाठी २०१४ पासून वेगळी नोंदवही ठेवावी लागते म्हणे. दादांची वही उधारीनेच भरलेली असते, त्यांना त्रास देऊ नका. आणि दुखणं विषाणूचं की ही गोळी ज्याला मारते त्या जिवाणूचं, हे तर विचारूच नका. गोळीला कुठे माहीत असतं?

तिसऱ्या दिवशी ताप उतरला की गोळ्या बंद! कच्चे जंतू मेले, चिवट तेवढे उरले. आता त्यांच्या वंशाला रान मोकळं. ही पाककृती पेनिसिलिन शोधणाऱ्या खुद्द फ्लेमिंगची. १९४५च्या नोबेल व्याख्यानात त्यांनी गोष्ट सांगितली: घसा दुखणारा नवरा पेनिसिलिन अपुरं घेतो, जंतू पक्के होतात, बायकोला लागण होते आणि औषध न लागू पडल्याने ती दगावते. त्यांनी सांगितला इशारा, आपण उतरवून घेतली कृती.

खंत एवढीच की घशातला तो जंतू, स्ट्रेप्टोकोकस, अजूनही पेनिसिलिनपुढे मुकाट मान टाकतो. अगदीच मागास जात! टायफॉइडच्या जंतूने मात्र नाव काढलं. आधी क्लोरॅम्फेनिकॉल पचवलं, मग सिप्रोफ्लॉक्सासिन. आता डॉक्टर सेफ्ट्रिॲक्सोन नाहीतर ॲझिथ्रोमायसिन देतात, आणि तेच ॲझिथ्रोमायसिन आपण सर्दीला घेतो. टीबीवाल्यांना तर सहा महिन्यांचा कोर्स, म्हणजे अर्धवट सोडायला केवढा वाव!

असो. उरलेल्या गोळ्या मोजा. तीन? रबर लावून डब्यात टाका. शेजारच्या काकूंच्या नातवाला जुलाब होतायत, संध्याकाळी लागतील. त्याची आई म्हणते, ओआरएस आणि झिंक पुरे. तिचं काय ऐकायचं, ती नुसती नर्स आहे.